गहाण पडलेला सिनेमा

गेल्या महिन्यात दादरला एका छोट्या सभागृहात मराठी समांतर सिनेमावर गप्पा होत्या. व्यासपीठावरचे तिघे एका जुन्या चित्रपटाबद्दल अर्धा तास भरभरून बोलले. मग मागच्या रांगेतली एक विशीतली मुलगी उठली आणि म्हणाली, "हा बघायला कुठे मिळेल?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिळत नाही. प्रिंट नाही, ज्यावरून प्रिंट काढतात त्या निगेटिव्हचा पत्ता नाही, साधी व्हिडिओ कॅसेटसुद्धा कुणाकडे नाही. तिथून जो वाद पेटला तो जिन्यात, फुटपाथवर आणि दुसऱ्या दिवशी फोनवरही चालू राहिला. एका गटाचं म्हणणं, व्यवस्थेला तो सिनेमा नको होता, म्हणून तो दडपला गेला. दुसरा गट म्हणाला, चांगला असता तर टिकला असता. चार माणसांनी बघितलेल्या सिनेमाचं सुतक किती दिवस पाळायचं?

दोन्ही बाजूंना आवाज भरपूर होता, पण मुद्दा दोघांच्याही हातातून निसटला होता. दोघंही त्या सिनेमाच्या थोरवीवर भांडत होते. माझं म्हणणं असं की सिनेमा टिकायचा की नाही हे त्याच्या थोरवीवर क्वचित ठरतं आणि शत्रूंवर त्याहूनही क्वचित. निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात आहे आणि फिल्म धुणाऱ्या लॅबचं बिल कोणी भरलं, यावर ते ठरतं. स्वतंत्र मराठी सिनेमा ज्या दिवशी पहिल्यांदा उधारीवर उभा राहतो त्या दिवसापासून हरवायला लागतो. आपल्याला ते तीस वर्षांनी कळतं एवढंच. म्हणून ज्या सिनेमाला जनतेचा एक रुपया लागला, त्याची एक पूर्ण प्रत कर्जाच्या, भांडणाच्या आणि वारसांच्या कक्षेबाहेर ठेवली गेलीच पाहिजे. तो सिनेमा भिकार असला तरी.

'चांगलं असेल ते टिकतं' ही आपली लाडकी समजूत आहे, आणि तिचं मूळ इंद्रायणीच्या डोहात आहे. गाथा बुडवली, गाथा तरली. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. गाथा तरली, कारण अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून ठेवले होते. म्हणजे प्रती होत्या, एकापेक्षा जास्त ठिकाणी, एकापेक्षा जास्त माणसांकडे. सिनेमा कोणाच्या तोंडी राहणार? गाणी राहतील, एखादा संवाद राहील. पडद्यावर दोन माणसांच्या मध्ये किती अंतर होतं आणि खिडकीतून कुठला उजेड येत होता, हे पाठ करून पुढच्या पिढीला देता येत नाही.

आणि गुणवत्तेचाच निकष लावायचा तर गिरगावाकडे बघा. १८ मे १९१२ला कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला; आज त्यातलं काही हाती नाही. पुढच्या वर्षी ३ मेला त्याच ठिकाणी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्याचा काही भाग उरला आहे, आणि तो १९१३चा की नंतर पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १४ मार्च १९३१ला जवळच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस लागले होते. देशाचा पहिला बोलपट, तुफान चाललेला, आणि आज त्याचा एक फूटही सापडत नाही. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले, उरले जेमतेम तीसेक. बाकीचे सगळे भिकार होते, म्हणून गेले? त्यातल्या कित्येकांची रिळं चांदी काढण्यासाठी किलोवर विकली गेली. रद्दीवाला समीक्षा वाचत नाही.

केरळातली दोन उदाहरणं तर शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. जे. सी. डॅनियल यांनी जमीन विकून 'विगतकुमारन' हा पहिला मल्याळी चित्रपट केला. नायिकेची भूमिका पी. के. रोझी या दलित स्त्रीने केली म्हणून प्रेक्षक खवळले आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. डॅनियल कफल्लक झाले. रिळं घरात पडली होती. लहानपणी खेळता खेळता आपणच ती जाळली, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं. दुसरा चित्रपट १९३३चा 'मार्तंड वर्मा'. ज्या कादंबरीवर तो बेतला होता तिच्या प्रकाशकाने हक्काचा दावा लावला, चित्रपट पडद्यावरून उतरवला गेला आणि प्रत प्रकाशकाच्या ताब्यात गेली. चार दशकांनी तीच प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती लागली, म्हणून 'मार्तंड वर्मा' आज बघता येतो. तो जप्त झाला म्हणून वाचला! दडपल्याने सिनेमा नाहीसा होतो म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं?

आता थोडं घरचं. १९९२ साली मी एका मराठी सिनेमावर चौथा-पाचवा सहायक होतो. नाव सांगत नाही, सांगूनही कुणाला आठवणार नाही. निर्माते बँकेत नोकरीला. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. फंडातून उचल, वहिनींच्या बांगड्या, कुडाळकडची थोडी कलमं, असा पैसा उभा केलेला. कच्ची फिल्म जाहिरातवाल्यांकडून उरलेल्या तुकड्यांत घ्यायचो. चारशे फुटांचा डबा म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं. आमच्याकडचे बरेच तुकडे शंभर-सव्वाशे फुटांचे, म्हणजे मिनिटभराचे. एखाद्या नटाला बोलता बोलता उसासा टाकायची सवय असली की कॅमेऱ्यामागे आमचा जीव खालीवर व्हायचा. कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतं का याच्या नोंदींची, वही माझ्याकडे होती. नोव्हेंबरात लालबागच्या एका चाळीत पहिलं शेड्यूल झालं. डिसेंबर-जानेवारीत दंगल पेटली, मार्चमध्ये स्फोट झाले, आणि दुसरं शेड्यूल लागायला एप्रिल उजाडला. सात वर्षांचा पोरगा होता, नोव्हेंबरात त्याचे वरचे दोन दात पडलेले. एप्रिलमध्ये दोन्ही दात आलेले! गोष्ट तर सगळी तीन दिवसांत घडणारी. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला आणि मला म्हणाला, "लिहून ठेव, पोरगा यापुढे तोंड मिटून हसणार."

सिनेमा झाला. दोन प्रिंट निघाल्या, मॅटिनीला एक आठवडा चालला. लॅबचं बिल अर्धं भरलेलं होतं, म्हणून निगेटिव्ह लॅबमध्ये राहिली. शिवाय ज्याने मध्ये पैसे घातले त्याच्या नावाचं लॅब लेटर होतं. त्याच्या सहीशिवाय नवी प्रिंट निघायची नाही. लॅबला मी खलनायक करणार नाही. त्यांच्याकडे असे शेकडो भाऊ होते, एसी गोडाऊनचं वीजबिल होतं आणि वसुलीची आशा शून्य. भाऊ गेले. मुलगा परगावी, त्याला बापाच्या कर्जाची आठवणच नको होती. डिजिटल आलं, लॅब बंद झाली, गोडाऊन रिकामं झालं. माल घेऊन जा अशी नोटीस आली होती म्हणे. ती भाऊंच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेली असेल तर तिथे आता टॉवर आहे. मागे एकदा वहिनींनी बोलावलं. दिवाणात एक डबा सापडला होता, चौथ्या रिळाचा. झाकण पान्याने ठोकून उघडलं तर व्हिनेगरचा असा भपकारा आला की वहिनी खिडकीकडे सरकल्या. फिल्म उन्हात विसरलेल्या पापडासारखी वाकलेली, कडेला चिकटलेली. एक वेढा उलगडायला गेलो तर चित्राचा थर बोटाला लागून आला.

इथे कोणी काय दडपलं? कोणीच नाही. त्या लॅबमध्ये जगातली उत्कृष्ट कलाकृती असती तरी तिचंही हेच झालं असतं.

आणि तरीही सिनेमाच्या गप्पांत आपल्याला सगळ्यात प्रिय गोष्ट कुठली? गहाण टाकल्याची. फाळक्यांनी विमा गहाण टाकला, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, रात्र रात्र जागून फिल्मला भोकं पाडली, धुतली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला, कंपनीला पैसा तानीबाई कागलकरांनी पुरवला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगाव्यातच. पण आपण त्या सांगतो कशा? कर्ज हे जणू कलेचं सोवळं असल्यासारख्या. स्वतंत्र सिनेमा म्हटला की दिग्दर्शकाने घर विकलेलं असलंच पाहिजे, नाहीतर मुलाखत रंगत नाही. मंगळसूत्राचं पुढे काय झालं हे विचारतो, निगेटिव्हचं काय झालं हे विचारत नाही. बाबूरावांचा १९२५चा मूकपट 'सावकारी पाश' जमीन बळकावणाऱ्या सावकाराची गोष्ट होती, तरुण शांताराम त्यात शेतकरी झाला होता. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाची सुरुवात म्हणून तो सगळ्या पुस्तकांत आहे. फक्त सिनेमा नाही.

समोरच्यांचे मुद्दे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला पैशाचा. ज्या राज्यात शाळांची छपरं गळतात तिथे न चाललेले सिनेमे थंडगार खोलीत का जपायचे? दुसरा मला स्वतःला जास्त टोचतो. कला मरणारीच असते. पठ्ठे बापूरावांच्या फडातलं एखाद्या रात्रीचं सवालजवाब कुठे उरलं आहे? त्यावाचून तमाशा थांबला का? सगळंच जपत बसलं की बघायचं कधी? तिसरा तर रोकडाच आहे. सरकारी कपाट तरी कुठे सुरक्षित? जानेवारी २००३मध्ये पुण्यात झटकन पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, प्रभातच्या कित्येक मूळ निगेटिव्ह त्यात जळाल्या.

तिसऱ्यापासून घेतो. आग लागली हे खरं. तरी प्रभातचा 'संत तुकाराम' आज बघता येतो. का? कारण आग लागायच्या आधी त्याच्या प्रती निघाल्या होत्या. आगीने सरकारी कपाट निरुपयोगी आहे हे सिद्ध केलं नाही, एकच कपाट पुरत नाही हे सिद्ध केलं. तमाशाचं उत्तर वेगळं आहे. तिथे एक रात्र मरते पण फड जगतो. ढोलकीवाला मुलाला शिकवतो, लावणी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सिनेमाला गळा नाही. त्याचं शरीर हेच त्याचं सगळं काही. त्याला 'मरणारी कला' म्हणणं म्हणजे औषध न देता माणसाला नश्वरतेवर प्रवचन देणं.

पैशाचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. जुनं सगळं दुरुस्त करायला कुणाकडेच पैसा नाही. केंद्राने मे २०२२मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटींची घोषणा केली. मोठी गोष्ट आहे, पण दुरुस्ती त्याचीच होते ज्याचं काहीतरी हाती आहे. मी बोलतोय ते दुरुस्तीबद्दल नाहीच. प्रत वेळेवर जमा करणं दुरुस्तीच्या तुलनेत फुकट आहे. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना लाखांत अनुदान देतं. त्याचा शेवटचा हप्ता दोन वेगवेगळ्या शहरांत प्रत पोचल्याच्या दोन पावत्या दाखवल्याशिवाय सुटू नये, आणि त्या प्रतीवर कुठल्याही सावकाराचा, लॅबचा, वितरकाचा हक्क चालू नये. दाखवायचे हक्क निर्मात्याकडेच राहोत, मला ते नकोत. प्रत फक्त असू दे.

यात क्रांतिकारक काय आहे? पुस्तकांच्या बाबतीत हे आपण दीडशे वर्षं करतो आहोत. १८६७चा छापखान्यांचा कायदा इंग्रजांनी साहित्यप्रेमापोटी केला नव्हता. १८५७चा दणका बसला होता, देशी भाषांत काय छापलं जातंय यावर त्यांना नजर ठेवायची होती. म्हणून प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद आणि प्रत सरकारजमा. पण त्या पहारेकऱ्याने गुणवत्ता बघितली नाही, म्हणून आज आपल्याला चोपडी, कीर्तनं, पाकक्रिया आणि फुटकळ नाटकांची यादी मिळते, आणि एकोणिसाव्या शतकातलं मराठी मन त्यातूनच वाचता येतं. स्वातंत्र्यानंतर १९५४च्या कायद्याने प्रकाशकांनी पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असं ठरलं. मुंबईत ती जागा टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. कित्येक प्रकाशक पाठवत नाहीत, हे माहीत आहे. तरी नियम आहे, आणि उद्या कोणी विचारलं तर निदान बोट दाखवायला जागा आहे. सिनेमाची तेवढीही ऐपत नाही? विनोद असा की सेन्सॉरसाठी संहिता द्यावी लागते, त्यामुळे पडद्यावरचा संवाद कागदावर उरू शकतो आणि तो बोलणारा चेहरा मात्र गेलेला असतो.

'सगळंच कशाला जपायचं, निवडून जपा' म्हणणाऱ्यांना मी इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण करून देईन. वि. का. राजवाडे दप्तरांच्या शोधात वाड्यावाड्यांतून हिंडले, ते सुंदर गद्य गोळा करायला नव्हे. हिशेब, तक्रारी, उसनवारीचे रुक्के, घोड्यांच्या चंदीचा खर्च, सगळं उचललं. वाईच्या कागदांवरून १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पानिपताकडे बघण्याची नजर बदलली. निवडून जपायचं म्हटलं असतं तर त्या काळच्या रसिकाने चंदीचा खर्च आधी फेकला असता. आमच्या सिनेमात काय होतं? गोष्ट बेताची होती, मीच सांगतो. पण १९९२च्या नोव्हेंबरातली लालबागची एक चाळ त्यात होती. नळावरची रांग, गॅलरीतल्या दोऱ्या, मागे बंद गिरणीची चिमणी, आणि दंगलीच्या महिनाभर आधीचे शेजारी एकमेकांच्या दारात उभे. हे आता कुठल्या सेटवर उभं करणार?

मागे उभी संस्था असली तर काय होतं, हे १९७६च्या दोन चित्रपटांवरून दिसतं. त्या वर्षी 'मंथन' आला, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून केलेला. त्याच वर्षी, आणीबाणीत, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून, बँकेचं कर्ज उचलून मराठीत 'घाशीराम कोतवाल' केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शक चार, नाना फडणवीस झाले मोहन आगाशे, आणि ओम पुरींचा तो पहिला चित्रपट. दोन्ही सहकारी, दोन्ही प्रयोग. 'मंथन'च्या मागे दूध संघ अजून उभा आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची दुरुस्ती केली आणि २०२४मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. 'घाशीराम'च्या मागे असं कोणी नव्हतं. भारतात दाखवण्याजोगी प्रत मिळेना. तो वाचला, कारण एक प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात राहून गेली होती. ज्या नाटकावरून पुण्यात एवढं रणकंदन झालं, त्यावरचा मराठी सिनेमा जर्मनांनी थंड खोलीत सांभाळला. दडपण्याचा सिद्धांत इथे सगळ्यात जास्त शोभला असता. प्रत्यक्षात प्रश्न कपाटाचाच निघाला.

'आता डिजिटल आहे, आता काही हरवत नाही' असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१० नंतरच्या एखाद्या स्वतंत्र मराठी दिग्दर्शकाला मूळ फाइल कुठे आहे ते विचारावं. एक हार्डडिस्क एडिटरकडे, पैसे राहिलेत म्हणून तो फोन उचलत नाही. एक घरी, चालू होताना टक् टक् वाजते. थिएटरसाठी केलेली प्रत डिजिटल कुलपात, ते उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची मुदत संपलेली. आमचं रीळ सडायला वीस वर्षं तरी लागली. डिस्क एका पावसाळ्यात जाते. यूट्यूबवर असेल तर ते कोणी तरी चोरून टाकलेलं, कडा कापलेलं, चॅनेलचा शिक्का मारलेलं. चोरांच्या कृपेवर संस्कृती जगवायची असेल तर तसं स्पष्ट म्हणावं.

दादरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुठूनतरी आमच्या त्या पोराच्या फोनवर पोचला. पोरगा म्हणजे आता चाळिशीला टेकलेला बाप्या. त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, मुलीचे पुढचे दोन दात पडलेत. तिला मी कसा दिसायचो ते दाखवायचं होतं. एखादा तुकडा पण नाही का?" नाही म्हटलं. मग वही काढली आणि स्पीकरवर दोघांना वाचून दाखवलं : सीन ४१, शॉट ३. स्थळ गॅलरी, सकाळ. निळा शर्ट, दुसरं बटण तुटलेलं. टेक १, ६८ फूट, एनजी (नो गुड), दात दिसले. टेक २, ७२ फूट, ओके.